हवा लागलेला स्पंज

महाडच्या कॉलेजात मी बारा वर्षं प्राणिशास्त्र शिकवते. दरवर्षी फळ्यावर स्पंजची आकृती काढते, बाण दाखवते: पाणी इथून आत, इथून बाहेर. पण जिवंत स्पंज समोर आला तेव्हा तो मी ओळखला नाही. ओळखला आमच्या प्रयोगशाळेत मदतनीस असलेल्या अरविंदमामांनी. दहावी नापास माणूस!

खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी मुंबईहून दगड आणले होते. एका दगडाला सुपारीएवढा नारिंगी गोळा चिकटलेला. मी म्हटलं, "बुरशी आहे मामा, खरवडून टाका." मामा जवळच्याच साव गावचे, बोलायला सावकाश. त्यांनी ड्रॉपरनं दुधाचा एक थेंब गोळ्याच्या कडेला सोडला. दूध आत शिरलं, दिसेनासं झालं आणि वरच्या भोकातून पांढरी रेघ होऊन बाहेर पडलं. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

"बुरशी असं करते काय, मॅडम?" मामा म्हणाले.

पुढची सहा वर्षं मामांनी तो स्पंज जिवापाड जपला. उजेडानं त्याच्यावर शेवाळ धरू नये म्हणून टाकीला काळा पुठ्ठा लावला. अंगावर गाळ बसला की बिनसुईच्या सिरिंजनं पाण्यातल्या पाण्यात फुंकर घालायचे. खिडकीत बाटल्या ठेवून सूक्ष्म शेवाळाचं हिरवं पाणी वाढवायचे, ते त्याचं खाणं. गोळा मुठीएवढा झाला. टाकीवर मामांनी स्वतःच्या अक्षरात एक कागद चिकटवला होता. कॉलेजची तपासणी आली तेव्हा तो मीच काढायला लावला. "ही प्रयोगशाळा आहे की एसटी स्टँड?" असं वर ऐकवलंही. मामांनी कागद काढला, घडी करून कपाटात ठेवला. मी तो कधी नीट वाचलाही नव्हता.

गेल्या जुलैत एका दुपारी पुराचा भोंगा वाजला. सावचा रस्ता पाण्याखाली, मामांचा फोन लागेना. महाडकराला पूर म्हटलं की एकच कळतं: वर उचला! गादी, टीव्ही, पिठाचा डबा, म्हातारी माणसं, सगळं वर. मी पदर खोचला. सूक्ष्मदर्शक वरच्या मजल्यावर नेले. मग टाकीपाशी आले. म्हटलं, मामांचा जीव अडकलाय याच्यात, पुराला देणार नाही. मासे जाळीनं बादलीत घेतले. मग दोन्ही हातांनी तो दगड उचलला, पाणी निथळू दिलं, कोथिंबिरीची जुडी झटकावी तसा झटकला आणि टाकीच्याच पाण्यानं भरलेल्या दुसऱ्या बादलीत ठेवला. वर पळाले. काय तो माझा अभिमान!

पूर प्रयोगशाळेच्या दोन पायऱ्या खालीच थांबला. तिसऱ्या दिवशी मामा आले, गुडघ्यापर्यंत चिखल. मी सगळं पुन्हा टाकीत लावून ठेवलं होतं. मोठ्या तोऱ्यात हकिकत सांगितली. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरला.

"बादली टाकीत बुडवून, आतल्या आत दगड घेतलात ना?"

"नाही हो, हातानं उचलला. दहा-पंधरा सेकंदांचा तर प्रश्न."

मामा स्टुलावर बसले. "हवा शिरली मॅडम त्याच्यात, भोकं बंद. ती आता निघायची नाय. गेला तो."

"काहीतरीच काय! बघा, रंग तसाच आहे!" मी ओरडलेच. दुसऱ्या दिवशी वर रुपयाएवढा पांढरा डाग पडला. चौथ्या दिवशी अर्धा गोळा पांढराफटक, बुळबुळीत, आणि कुजका वास. पाण्यातल्या जिवाला मी पाण्यापासून वाचवायला गेले! बारा वर्षं ती भोकं फळ्यावर काढणारी मी!

सडका भाग राहिला तर मासे मरतील म्हणून मामांनी पाण्यातच ब्लेडनं तो कापून काढला. दगडाच्या खाचेत नखाएवढा नारिंगी तुकडा उरला. मामांनी दुधाचा थेंब सोडला. बऱ्याच वेळानं केसासारखी बारीक रेघ वर आली. मी तिथेच रडले.

मामांनी कपाट उघडलं, घडी केलेला कागद काढला आणि टाकीवर पुन्हा चिकटवला. या वेळी मी वाचला.

"हा दगड पाण्याबाहेर काढायचा नाय. पूर आला तरी."

खाली तारीख होती, सहा वर्षांपूर्वीची.