ताईच्या कांजिण्या
नातवंडांनो, परवा बोईसरच्या डॉक्टरांनी माझ्या मेंदूतल्या गाठीचे फोटो बघताना विचारले, "आजी, लहानपणी कांजिण्या आल्या होत्या?" मी "नाही" म्हटले, आणि घरी येऊन तुम्हाला हे लिहायला बसले. एडवणला आमच्या घरात कांजिण्या आल्या त्या माझ्या थोरल्या बहिणीला, ताईला. देवी आली म्हणून घरात फोडणी बंद, मासळी बंद. ताईच्या अंथरुणावर कडुलिंबाचा कोवळा पाला आणि उशाशी वाडीतले शहाळे. शेजारणी येऊन तिच्या पाया पडत. एका सकाळी आईनेही तिच्या पायांवर डोके ठेवले, तेव्हा मात्र मी पेटले. तिचे उष्टे शहाळ्याचे पाणी प्यायले आणि सरळ तिच्या चादरीत शिरले. "बाजूला हो गं, देवी हाय ती," माझी आजी ओरडली. "मग मला पण येऊ दे!" आजीला हसू आले. "तुज्याकडे कशाला येल ती? तुजा आवाज ऐकूनच पळेल." आणि खरेच, मला एक फोडसुद्धा आला नाही. परवा डॉक्टर म्हणाले, कांजिण्या होऊन गेलेल्यांत अशी गाठ थोडी कमी आढळते, असे काही अभ्यास सांगतात. त्या विषाणूशी लढताना शरीराची प्रतिकारशक्ती काहीतरी शिकत असावी, पण खात्री नाही. म्हणजे तेही ताईलाच मिळाले. पुढच्या आठवड्यात माझे ऑपरेशन आहे आणि सोबतीला ताईच येणार आहे. तिच्या भुवईवर कांजिण्यांचा एक वण अजून आहे, आणि मला तो अजूनही हवा आहे.