मागाची दांडी

ती दांडी मी ओढली होती. हे वाक्य आजवर मी कुणापुढे उच्चारलेलं नाही. बायकोपुढे नाही, शाळेत नाही, आणि ज्या बाप-लेकांचा ते ऐकायचा हक्क होता त्यांच्यापुढे तर नाहीच. माझी बोलायची सवय मुळातच कमी. आता पन्नाशी उलटून गेली, तेव्हा निदान लिहून ठेवतो.

सत्तरच्या दशकात मी सोलापुरात एका तांत्रिक शाळेत वर्कशॉपचा मास्तर होतो. मूळचा करमाळ्याकडचा. डिप्लोमा झाला होता, गिरणीत नोकरी मिळत होती, ती सोडून शाळेत आलो, कारण डोक्यात एक खूळ होतं. शहराच्या पूर्व भागातल्या विणकरांच्या पोरांनी इंजिनिअर व्हायचं. ज्या घरात पिढ्यानपिढ्या माग चालला, त्या घरच्या पोराला माग का चालतो हे एकदा उमगलं की तो कुठल्या कुठे जाईल, असं मला वाटायचं. सायकलची घंटा, बिघडलेलं गजराचं घड्याळ, मिळेल ते आणून मी पोरांपुढे टाकायचो. ‘डोळ्यांनी बघून यंत्र कळत नाही, हाताला कळलं पाहिजे,’ हे माझं पालुपद. पोरं माझी नक्कल करायची. मधल्या सुट्टीत डबा उघडून एकमेकांना म्हणायची, “शेंगाचटणी डोळ्यांनी कळत नाही, हाताला कळली पाहिजे.” मला ते ऐकायला आवडायचं.

त्यात एक तेलुगू घरातला मुलगा होता. घड्याळ उघडलं की बाकीचे स्प्रिंग उडवायचे आणि हसायचे. हा प्रत्येक चाक जिथून निघालं तसंच फरशीवर मांडत जायचा, आणि त्याच वाटेनं परत बसवायचा. ड्रॉइंगही सुरेख. त्याचे वडील, तो त्यांना नायना म्हणे, चादरीच्या कारखान्यात मागावर होते. त्यांच्या मनात वेगळंच होतं.

“मॅट्रिक झाला की हापिसात चिकटवा त्याला कुटंतरी,” ते मला म्हणाले. “पंख्याखाली बसंल. मशीनपाशी नको. आमचं झालं तेवढं लई झालं की.”

मी त्यांच्या घरी जाऊन जाऊन त्यांचं मन वळवलं. एकदा म्हणालो, “माग चालवणारा वेगळा आणि माग बनवणारा वेगळा. बनवणाऱ्याच्या अंगाला माग लागत नाही.”

ते हसले. “बोलता बरं तुमी, मास्तर.” मग पोराकडे बघून म्हणाले, “व्हय बाबा, सायब हो. मग बापाला वळख दे म्हंजी झालं.”

हे मी सांगितलेलं होतं, की अंगाला लागत नाही. विसरू नये म्हणून लिहितो.

त्या दिवसांत विजेची कपात असायची. दुपारी वीज गेली की कारखाने गप्प व्हायचे. माग चालू असताना त्या खडखडाटात स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही, मग शिकवणार काय? म्हणून मी मुद्दाम वीज जायच्या वेळी पोरांना कारखान्यात न्यायचो. मालकाची हरकत नसे. त्या दुपारी तो एकटाच माझ्याबरोबर आला. शाळेच्या प्रदर्शनासाठी त्याला मागाच्या दातेरी चाकांचं चित्र काढायचं होतं.

प्रत्येक मागाला एक दांडी असते. पुढे ओढली की माग चालू, मागे ढकलली की बंद. वीज गेली की विणकर सगळ्यात आधी दांडी मागे ढकलतो. ती पुढेच राहिली, तर वीज आल्याबरोबर माग आपला आपण सुरू होतो. मुलगा वही उघडण्यात गुंग असताना त्याच्या नायनांनी माझ्यासमोर आपल्या मागांच्या दांड्या मागे ढकलल्या आणि आम्हाला म्हणाले, “बसा निवांत, चा सांगून येतो.” ते रस्त्यापलीकडे गेले.

मुलगा मागाच्या बाजूला चाकांपाशी उकिडवा बसला. दांडी मागे असली की ब्रेक बसतो, चाकं हातानं फिरत नाहीत. मला तर ती फिरवून दाखवायची होती. मी पलीकडून दांडी पुढे ओढली आणि हातानं माग हळू फिरवला. त्याला दांडी दिसत नव्हती. त्याचं सगळं लक्ष दात एकमेकांत कसे बसतात तिकडे.

“सर, बारक्या चाकाचे दात मोठ्याच्या निम्मेच हायत काय?”

“डोळ्यांनी काय मोजतोस,” मी म्हणालो. “हात लावून मोज.”

दांडी पुढेच होती. वीज नेहमीच्या वेळेआधी आली. डोक्यावरचा बल्ब लागलेला मला दिसला, आणि मग मागाचा आवाज.

मी झेप घेऊन दांडी मागे ढकलली. नायना धावत आत आले तेव्हा त्यांनी मला दांडी ढकलतानाच पाहिलं. मालकानंही तेच पाहिलं.

दवाखान्याच्या व्हरांड्यात मालकानं विचारलं, “माग कुणाचा होता?”

“माजाच,” नायना म्हणाले. “दांडी ऱ्हायली असंल. मीच इसरलो असंन.” ते आठवायचा प्रयत्न करत होते. स्वतःच्या हाताकडे बघत होते, जणू हात सांगेल.

मी तोंड उघडलं. तेवढ्यात मालक म्हणाला, “मास्तर होते म्हणून निदान हात तरी वाचला.” मी तोंड मिटलं. पुढे बोलायला वेळ पुष्कळ होता, पण ते तोंड मिटलेलंच राहिलं.

मुलाच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. नायनांना मालकानं कामावरून काढलं. मी घरी भेटायला गेलो तेव्हा मुलगा एवढंच म्हणाला, “सर, डाव्या हातानं ड्रॉइंग जमतं काय?”

“जमतं की,” मी म्हणालो. त्यानं पाटी भरभरून रेघा ओढल्या, त्या वाकड्या येत राहिल्या, मग तो शाळेत यायचा थांबला. दारापर्यंत पोचवायला नायना आले. म्हणाले, “तुमी मनाला लावून घिऊ नका, मास्तर. पोराचं नशीब बापानंच खाल्लं.”

माझे बाकीचे विद्यार्थी पुढे गेले. काही पुण्याला आहेत. भेटले की पाया पडतात, आणि मी पडू देतो. निरोप समारंभात मला अजून दोन शब्द बोलायला लावतात, तंत्रज्ञानाकडे वळा वगैरे. मी बोलतो. फक्त ‘हाताला कळलं पाहिजे’ हे पालुपद तेव्हापासून तोंडात आलेलं नाही.

तो मुलगा आता टाकाऊ सुताच्या दुकानात वजनकाट्यापाशी बसतो. उजवा हात खिशात. मला बघून उठतो, “नमस्कार सर” म्हणतो. बापाशी मात्र तो कामापुरतंच बोलतो, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. नायना दुसऱ्या कारखान्यात लागले होते. तिथे वीज गेली की ते आपल्या दांड्या ढकलून झाल्यावर इतरांच्याही ढकलत फिरायचे, आणि मग पहिल्यापासून पुन्हा बघून यायचे. तिथली कामगार पोरं हसायची, “फौजदार आला, सलाम करा.” आता ते थकलेत, घरीच असतात.

त्यांचं घर माझ्या घरापासून चालत जाण्याइतकं आहे. कितीदा तरी कोपऱ्यापर्यंत जाऊन मी परत फिरलो. सांगून बोटं येणार नाहीत, गेलेली वर्षंही नाहीत. कदाचित म्हाताऱ्याला ते आता पटणारही नाही. तरी ते माझ्याकडे त्यांचं येणं आहे. मुलगा घरात असताना, त्याच्यासमोर, मला त्यांना सांगायचंय: दांडी तुम्ही विसरला नव्हता, मी ओढली होती. एवढं अजून द्यायचं राहिलंय.