उलगडलेला चमचा

आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर एक बाई राहतात. त्या प्लास्टिकवर संशोधन करतात, मी आयटीत आहे, त्यामुळे लिफ्टमधलं आमचं बोलणं बेताचंच. प्रत्येक वाक्याआधी त्या 'म्हणजे असं बघा' म्हणतात आणि पुढचं मला कधीच नीट कळत नाही.

गेल्या रविवारी त्या दारात उभ्या. हातात छोटी बाटली, आत पाण्यासारखं काहीतरी.

"म्हणजे असं बघा, हा आमच्या नव्या प्लास्टिकचा पहिला चमचा."

"वितळवलात?"

"वितळला तरी तो प्लास्टिकच राहतो. हा उलगडला. ज्या द्रवापासून केला होता, तोच परत मिळाला. आता यातून पुन्हा नवं प्लास्टिक करता येईल."

"अहो, पण पहिला चमचा जपून ठेवायचा ना. सात वर्षं खपलात त्याच्यासाठी."

"जपायचाच असता तर साध्या प्लास्टिकचा केला असता. ते कुठे जातंय?"

बोलणं नेहमीसारखं कोरडं होतं, पण बाटली त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती. अभिनंदन करावं की सांत्वन, मला कळेना. शेवटी "अभिनंदन" म्हणालो. त्या "आभारी आहे" म्हणाल्या आणि ओढणीने डोळे पुसले.