मधून झिजलेला टायर

"चाचा, बटणांचा नको आन् गुळगुळीतबी नको. मधलं कायतरी द्या," तानाजीराव सायकल काउंटरला टेकवत म्हणाले. "पोरीचं सिलेक्शन हाय पुढच्या म्हैन्यात."

लक्ष्मीपुरीत माझं सायकलचं दुकान आहे. उभा जन्म ग्रीस-ऑइलमध्ये हात काळे करण्यात गेला. तानाजीराव कोडोलीचे, डेअरीत नोकरीला. त्या दिवशी खास रजा टाकून आले होते. त्यांची ऋतुजा कॉलेजात शिकते आणि माउंटन बाइकच्या रेसमध्ये उतरते. घरापासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत डांबरी रोड, तिथून पुढं माती आणि दगडधोंड्यांची वाट, असा तिचा रोजचा दोन तासांचा सराव. निदान घरात तरी सगळ्यांची तीच समजूत होती.

असल्या गिऱ्हाइकाला टायर निवडून देणं सगळ्यात अवघड. बटणं म्हणजे टायरवरचे रबराचे उंचवटे. चिखलात, खडीत ती माती धरतात. डांबरीवर मात्र तीच बटणं आवाज करतात, सायकल जड चालते, पायाचा जीव जातो. गुळगुळीत टायर रोडवर पळतो आणि ओल्या मातीत माणसाला आडवा करतो. दोन्हीकडं चालवायची असेल तर मध्ये जवळजवळ सपाट आणि कडेला बटणं असलेला टायर मागं लावायचा. पुढं जरा जास्त बटणांचा, कारण वळणावर सायकल सांभाळतो तो पुढचाच. हवापण बेताची. आमच्याकडं अंगठ्यानं दाबून "टाईट मारा" म्हणायची सवय आहे, त्यानं टायर दगडावर उड्या मारतो.

पण हे सगळं ठरतं एका प्रश्नावर. रोड किती आणि डोंगर किती? कुणालाही विचारा, उत्तर एकच, निम्मं-निम्मं. तानाजीरावपण तेच म्हणाले. मी गिऱ्हाइकाच्या बोलण्यावर जात नाही. जुना टायर बघतो.

मी मागचं चाक फिरवलं. मधली बटणं झिजून सपाट झालेली. कडेची मात्र कोरी करकरीत. नवीन टायरला कारखान्यातून येताना रबराचे बारीक केस असतात, तेसुद्धा कडेला शाबूत होते. डोंगरातली वाट दोन दिवसांत ते केस खाऊन टाकते. तळहातानं सगळा टायर चाचपला. दगडाचा एक ओरखडा नाही.

मला माझ्या हुशारीचा भारी अभिमान. त्यात तोंड फटकळ, आवाज मोठा.

"अवो पावणं, ही पोरगी डोंगराकडं फिरकतबी न्हाय! निस्ती डांबरीवर हाय ही सायकल. रोज दोन तास जातीया कुठं, ते बघा की आधी!"

बाकड्यावरची दोन गिऱ्हाइकं खो खो हसली. मीपण हसलो. तानाजीराव हसले नाहीत. त्यांनी वाकून टायरला हात लावला. मग सायकल वळवली.

"टायर?" मी विचारलं.

"ऱ्हाऊ दे आता," एवढंच म्हणाले आणि गेले.

तेव्हासुद्धा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला नाही. पुढच्या गिऱ्हाइकाची चेन बदलायला घेतली.

आठ-दहा दिवसांनी ऋतुजा दुकानात आली. एसटीनं. मी सहज विचारलं, "सायकल कुठाय गं?"

"माळ्यावर. बाबांनी टाकलीया," ती म्हणाली. डोळे सुजलेले होते. "रोज कुणाला भेटाय जातीस म्हणून इचारत्यात. चाचा, टायर बघून एवढं कळलं तुमास्नी. मला एक फोन केला असता तर?"

मी तिला बसवलं, चहा मागवला. तिनं चहाला हात लावला नाही, पण सांगितलं.

"हे टायर घालायच्या आधीचं हाय. डोंगरातल्या वळणावर गवा उभा हुता. एकटाच. मी सायकल टाकून पळालो. तवापासनं त्या वाटंला जायाची छाती हुईना. घरात सांगितलं असतं तर सायकल बंद. म्हणून रोडनंच चढ मारायचो. पलीकडच्या अंगाला दुसरी वाट हाय, मैत्रिणींसंगं तिकडं जायाचं ठरलं हुतं. त्यासाठीच तर टायर पायजे हुतं."

उठताना म्हणाली, "बाबांस्नी एवढंच सांगा, मी कुणाला भेटाय जात नव्हतो. गव्याचं मातुर सांगू नका. पाया पडतो."

मी शब्द दिला. सिलेक्शनला अजून दिवस होते. बिघडवलं आपण, नीट करायचंपण आपणच, असं मनाशी म्हटलं आणि तानाजीरावांना फोन लावला.

"पोरगी सरळ हाय. मी उगाच बोलून बसलो. माफी करा."

"मग डोंगरात का जात नव्हती? टायरचं तुमीच सांगितलासा की."

टायर कंपनीचा दोष म्हणावं, असं एकदा मनात आलं. पण तो टायर त्यांनी स्वतः हात लावून बघितला होता.

"चाचा, बोला की. पोरीच्या अब्रूचा सवाल हाय."

सांगितलं मग. गव्याचं सगळं सांगितलं.

तानाजीराव म्हणाले, "लई उपकार झालं तुमचं. आमी लेकराला काय काय बोललो वो." मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात ते म्हणाले, "बरं झालं, सायकल येळंत बंद केली. गवा म्हटल्यावर तिची आई आता उंबऱ्याभाईर सोडती व्हय?"

मी मैत्रिणींचं सांगितलं, दुसऱ्या वाटेचं सांगितलं. हवं तर मी स्वतः मोटरसायकलवर मागं राहतो म्हणालो. ते "व्हय, व्हय" म्हणत राहिले. माणूस "व्हय, व्हय" म्हणायला लागला की काम झालं नाही असं समजायचं.

सिलेक्शनचा दिवस आला आणि गेला. ऋतुजा परत दुकानात आली नाही. माझा फोनपण तिनं उचलला नाही. बरोबरच केलं तिनं.

टायरवरून सायकल कुठं फिरली ते अजूनही मला कळतं. का फिरली, ते त्यात नसतं. आता चालवणारा माणूस स्वतः आल्याशिवाय मी टायर निवडून देत नाही. आणि बापानं, नवऱ्यानं, कुणीही जुना टायर पुढं करून मत विचारलं तर म्हणतो, "झिजलाय. बदला."