गाडी नको, खांब दाखव

मला वाचवलं ते माझ्या घरमालकीणबाईंच्या थोरल्या दिरांनी. काय झालं ते पुढं सांगतो, पण मान आधी त्यांचा. साऱ्या काटेवाडीत त्यांना तात्या म्हणतात, आणि बांधलेली वस्तू बघून बांधणाऱ्याची कुंडली मांडणारा असा माणूस बारामती-इंदापुरातच काय, पृथ्वीवर दुसरा नसावा. मी पृथ्वी पाहिलेली नाही. सातवीतून शाळा सुटली आणि भंडाऱ्याकडून निघालो तो कामामागं फिरत इथवर आलो. पण तात्यांनी ती मोबाइलवर पाहिली आहे, आणि तीही खालून.

खालून म्हणजे असं. तात्या उमेदीत सेंट्रिंगचे सुतार, स्लॅब ओतण्याआधी खाली फळ्या आणि टेके लावणारे. हात थकल्यावर त्यांना लाकडी रोलर कोस्टरच्या व्हिडिओंचा नाद लागला. परदेशात लाकडी खांबांचं अख्खं रान उभं करतात, त्याच्या शेंड्यावरून गाडी सोडतात आणि माणसं हात वर करून किंचाळतात. तात्यांना ना गाडीशी देणंघेणं, ना किंचाळण्याशी. "ती गाडी जाऊ दे रं फुडं, मागचं खांब दिसंनात!" असं ते मोबाइललाच दटावायचे. मी दिवसभर खांब उभे करून, अंग मोडून खोलीवर यायचो आणि चहाचा कप तोंडाला लागायच्या आत ओट्यावरून हाक यायची, "पाव्हणं, हितं थांबीव. आता बोटांनी मोठं कर." दिवसा लाकडाचे खांब, संध्याकाळी काचेतले. डोळे मिटले तरी एखादा खांब दिसायचाच.

इंग्रजी येत नसल्यानं त्या बांधणाऱ्या कंपन्यांना तात्यांनी आपलीच नावं ठेवली होती. दोन खांबांत एकच तिरकी पट्टी मारणारा तो 'चिकट'. सगळं एका रेषेत, एक खिळा इकडचा तिकडं नाही, ती 'सासुरवाशीण', कारण "हिच्यावर कुणाची तरी नजर हाय." आणि एक पट्टी पुरे तिथं दोन ठोकणारा तो 'भित्रा'. एकदा मालकीणबाईंच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीनं थट्टेनं चार निरनिराळ्या देशांतले व्हिडिओ लावले. तात्या चारही वेळा म्हणाले, "भित्रा." तिनं खालचं इंग्रजी वाचलं. चारही एकाच कंपनीचे निघाले. तात्या एवढंच म्हणाले, "बिचारा. इतक्या लांब जाऊनबी भ्या काय गेलं न्हाय त्येचं."

ही विद्या मोबाइलपुरती राहिली असती तर बरं झालं असतं. पिंपळीला एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना तात्यांनी अक्षता टाकायच्या सोडून वर मान केली आणि नवरीच्या मामाला खुर्चीसकट उठवलं. "ह्या मांडवाच्या गाठी घाईच्या हाईत. बांधणाऱ्याला दुसरा मांडव गाठायचा हुता. तुमी हिकडं बसा." मामा रुसले. मांडव काही पडला नाही. जेवताना कुणीतरी खिजवलं, "काय तात्या, पडला का?" तात्या जिलबी मोडत म्हणाले, "पडला न्हाय म्हंजे उभा हाय, असं न्हवं." तेव्हापासून कुठंही गेले की ते आधी वर बघतात, मग खाली, आणि आपली खुर्ची दोन हात सरकवून मगच टेकतात. बरोबरच्यांनाही सरकावं लागतं.

आता माझी गोष्ट. कळस गावाच्या अंगाला एका बागाईतदारानं कृषी पर्यटन काढलं. हुरडा, बैलगाडी, शेततळं झालं आणि मग त्याला पोरांसाठी लाकडी रोलर कोस्टर हवा झाला. लहानसाच, छातीएवढ्या चढावाचा. आमचा ठेकेदार सेंट्रिंगवाला. "लाकडाचंच हाय न्हवं? मग हुतंय," म्हणाला. त्यानं या कामापुरतं घेतलेल्या आम्हा पाच जणांनी नीलगिरीचे वासे उभे केले. गाडीत खताची पोती ठेवून ती सोडून बघितली, तर वळणावर एक चौकट पत्त्यासारखी आडवी झाली आणि पोती शेततळ्यात गेली. ठेकेदारानं मागं वळूनही न बघता माझ्याकडं बोट केलं. "ह्या भंडाऱ्याचं काम. उद्यापासून येऊ नगंस."

काम जाणार याची भीती होतीच, कारण असा डाग घेऊन या भागात दुसरा कोण ठेवणार? पण त्याहून वाईट म्हणजे मलाच आठवेना. पंधरा दिवस सारख्याच चौकटी उभ्या केल्यावर कुठली आपली, हे सांगता येत नाही. माझा स्वभाव असा, की कडी लावली तरी दोनदा ओढून बघतो. वाटलं, असेल, आपलीच असेल. उद्या पोत्यांच्या जागी कुणाची पोरं असती तर? संध्याकाळी ओट्यावर बसून तात्यांना म्हणालो, "तात्या, माझ्या हातनं झालं बहुतेक." ते मोबाइल खाली ठेवून म्हणाले, "बहुतेक म्हंजे? चल, बघून यिऊ."

सकाळी पुतण्याच्या मोटारसायकलवर मागं बसून तात्या कळसला आले. मालक, ठेकेदार, आम्ही पाचजण, सगळे उभे. तात्यांनी कुणाला रामराम केला नाही. पडलेल्या चौकटीपाशी उकिडवे बसले आणि मग उभ्या चौकटींवरून हात फिरवत गेले. एके ठिकाणी थांबले. "हे भंडाऱ्याचं."

"कशावरनं?" मालकानं विचारलं.

"डावरा हाय त्यो. बोल्ट उलट्या अंगानं घातल्यात. आन् नटावर तार पिळलीया, सुटू नये म्हून. सांगितली हुती का कुणी?"

"मीच वरडलो हुतो, वेळ घालवतो म्हून," ठेकेदार म्हणाला.

"ह्यो भित्रा हाय," तात्या म्हणाले. माझ्याविषयी इतकं चांगलं आजवर कुणी बोललं नव्हतं. "पडलेल्या चौकटीला तार न्हाय, बोल्ट सुलटं, आन् तिरक्या पट्ट्या समद्या एकाच अंगाला. ही सेंट्रिंगची खोड. स्लॅबचा भार वरनं येतो, येऊन गप बसतो. पर स्लॅब चालत न्हाय, गाडी चालती. वळणावर ती बाजूला ढकलती."

आमच्या पाचांत सेंट्रिंग कुणालाच येत नव्हतं. सगळ्यांच्या माना ठेकेदाराकडं वळल्या. तो बुटाकडं बघत होता. त्या वळणाच्या दिवशी एक माणूस कमी होता आणि ठेकेदारानं स्वतःच हात लावला होता, हे त्यालाही तेव्हाच आठवलं असावं. तात्यांनी त्याच्या खांद्यावर हात टाकला. "ही खोड त्येची न्हाय, माझी. पंधरा वरीस माझ्या हाताखाली हुता. मीच शिकीवलं. चुकलं आमचं."

ठेकेदारानं वाकून पडलेली चौकट बाजूला केली. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "तारंचं भेंडोळं आण. समद्यास्नी पिळून दाव."

गाडी सुरू झाली त्या दिवशी मालकानं तात्यांना पहिल्या डब्यात बसायचा मान दिला. त्यांनी नाकारला, चक्कर येते म्हणाले. वळणाजवळ खुर्ची टाकायला लावली, दोन हात सरकवली आणि डोळे मिटून बसले. वरून पोरं किंचाळत गेली. "कुरकुरतंय, ऐक. जित्तं हाय," म्हणाले.

डोळे मिटूनच, कारण आता उघडून फारसा फरक पडत नाही. मोतीबिंदू पिकलाय आणि ऑपरेशनचं नाव काढलं की तात्या ओटा सोडून जातात. संध्याकाळी मीच व्हिडिओ थांबवून सांगतो, दोन पट्ट्या आहेत, खांब दाट आहेत. ते म्हणतात, "भित्रा." मी दमलेला असतो, पण सांगतो.

तात्या, ऑपरेशनला मी तुमचा हात धरून नेईन. आणि परदेशातल्या त्या खऱ्या लाकडी रानाखाली तुम्हाला एकदा नेऊन बसवीन. कधी आणि कसं, ते सातवी शिकलेल्या माणसाला आज सांगता येत नाही, पण नेईन. गाडीत नाही, खालीच. खुर्ची मी टाकीन. कुठं सरकवायची ते तुम्ही सांगा.