तीन चुकलेले सोमवार

नीलेश सलग तीन सोमवार हजेरीला आला नव्हता. त्याला आत पाठवायचा रिपोर्ट माझ्यासमोर तयार होता. फक्त सही बाकी होती.

मी परिवीक्षा अधिकारी, म्हणजे प्रोबेशन ऑफिसर. पहिलाच गुन्हा असेल आणि फार गंभीर नसेल, तर दोषी ठरवूनही कोर्ट माणसाला तुरुंगात न धाडता चांगल्या वागणुकीच्या बाँडवर सोडू शकतं. त्याच्यावर लक्ष ठेवायचं काम आमचं. बाँड मोडला की मूळ गुन्ह्याची शिक्षा होऊ शकते. नीलेशने पार्किंगच्या भांडणात शेजाऱ्याचं डोकं फोडलं होतं. मुख्य अटी दोनच होत्या. नोकरी टिकवायची आणि दर सोमवारी वसईला कोर्टाशेजारच्या आमच्या खोलीत येऊन सही करायची.

पालघरहून साहेबांचा फोन आला.

"मॅडम, रिपोर्ट कुठे अडलाय?"

"एकदा घरी जाऊन बघते, सर."

"बघायचं काय त्यात? आला नाही म्हणजे आला नाही."

त्यांचं चुकत नव्हतं. पण माणूस न बघता सही करायला माझा हात धजत नाही. शुक्रवारी वालीवला गेले. नीलेश ज्या गाळ्यात वेल्डिंग करायचा त्याचं शटर बंद. शेजारची सगळी बंद. अख्ख्या गल्लीत एक कुत्रं तेवढं ड्युटीवर होतं.

"नवीन आहात काय मॅडम?" टपरीवाला म्हणाला. "इकडे कंपन्यांना सुट्टी शुक्रवारची."

बारा वर्षं वसईत नोकरी करून मला हे ठाऊक नव्हतं. तशीच तुळिंजला त्याच्या घरी गेले. बायकोने दार उघडलं. मला ओळखून ती गोंधळलीच.

"ते तर तुमच्याकडेच गेलेत, मॅडम."

रिक्षा करून परत आले. नीलेश आमच्या कुलूपबंद खोलीबाहेर बाकड्यावर बसला होता.

"सोमवारी का येत नाही तुम्ही?"

"खाडा केला तर शेठ दुसरा माणूस घेतो. काम गेलं तर बाँड गेला. म्हणून शुक्रवारी येतो, पण तुम्ही नसता."

"मग मला सांगायचं ना."

"कोर्टाचा वार बदला म्हणून कोण सांगणार, मॅडम?"

वार कोर्टाचा नव्हताच. सोमवारी मी तिथे बसते आणि शुक्रवारी फिल्डवर असते, म्हणून मीच तो सुचवला होता. मला फार लाज वाटली. आमच्या इमारतीच्या वॉचमनच्या रजिस्टरमध्ये नीलेशच्या तिन्ही शुक्रवारच्या सह्या होत्या. त्याची झेरॉक्स काढली, रिपोर्ट नव्याने लिहिला आणि कोर्टात उभी राहिले.

"सोमवार कोणी ठरवला?" मॅजिस्ट्रेटनी विचारलं.

"मी, सर."

"यांना विचारून?"

"नाही, सर."

त्यांनी सोमवार खोडून शुक्रवार केला. नीलेशने पुढे एकही हजेरी चुकवली नाही. मुदत संपली तेव्हा त्याच्या फाइलवर एकही वाईट शेरा नव्हता.

माझ्या फाइलवर मात्र एक आहे: 'अटी सुचवण्यापूर्वी चौकशी करावी.' साहेबांनी लिहिलाय. बरोबर लिहिलाय.