पानांच्या घड्यांतली अंडी

मुरुडच्या कचेरीबाहेर मी अर्जनवीस होतो. आगबोटीवरच्या एका खलाशाने जपानहून लाल पोटाच्या, पाण्यात राहणाऱ्या सॅलमँडरची जोडी आणली होती; पण "असल्या पाली घरात नकोत," असे बायकोने बजावल्यामुळे त्याने ती माझ्या स्वाधीन केली. पौषात मादीने पाणवनस्पतीच्या एकेका पानाची घडी घालून आत एकेक अंडे ठेवले.

हायस्कुलातले पदवीधर विज्ञानशिक्षक हसले. "अर्जनवीस, आपल्या हवेत ही अंडी उबायची नाहीत, उकडतील!"

आयुष्यभर मी कागदांच्या घड्या घातल्या होत्या. घडी उगाच कोणी घालत नाही, एवढे मला कळत होते. आईबापच अंडी खाताना दिसताच मी ती पाने घडी न मोडता निराळ्या बरणीत हलवली आणि बरणीला ओले फडके गुंडाळून ती माठाशेजारी ठेवली. तिसऱ्या आठवड्यात मानेशी कल्ल्यांचे तुरे असलेली दहा-बारा पिले पोहू लागली.

शिक्षक आले, बराच वेळ पाहत राहिले आणि वही उघडून म्हणाले, "सुरुवातीपासून सांगा."

अर्ज लिहवायला येणाऱ्यांना हे वाक्य रोज मी म्हणत असे. माझे शिक्षण चौथीपर्यंतचे. मी सावकाश सांगत गेलो, आणि त्यांनी एकही शब्द न गाळता लिहून घेतले.